साताऱ्याच्या ‘प्रिया’चे हँडल आणि नंतरचे
बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून 1975 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या सातारा कारखान्यात घडलेल्या ‘प्रिया’ स्कूटरचे हँडल सहजी बदलण्याजोगे नव्हते; कारण डाव्या मुठीत, म्हणजे फिरवायच्या पकडीत, क्लच आणि गिअर एकत्र असत आणि त्यांच्या केबल हँडलच्या पोकळीतूनच खाली उतरत. मोटारसायकलचे हँडल मात्र बहुधा क्लॅम्पने आवळलेली साधी नळी असते, आणि या साधेपणातच बदलाची सारी मोकळीक आहे. 2011 मध्ये आलेल्या, कच्च्या वाटांसाठी घडवलेल्या हिरो इम्पल्ससारख्या हलक्या गाडीवर उंच हँडल बसवले, तर उभ्याने चालवणे सुखाचे होते. तथापि उंच हँडलला अपुऱ्या लांबीच्या केबल हँडल पूर्ण वळवताच ताणल्या जाऊन इंजिनाचा वेग आपोआप वाढू शकतो, आणि साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटाच्या वळणावर ते जिवावर बेतू शकते.