अब्जांश तंत्रज्ञान व मधुमेहोपचार

साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांचा मधुमेहात औषध पोहोचवण्यासाठी, रक्तशर्करा मोजण्यासाठी व जखमा भरण्यासाठी होणारा वापर. १ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन. तोंडावाटे घेतले तर डाळीतल्या प्रथिनासारखेच पचून जाते. म्हणून १९२२ मध्ये टोरोंटोतील पहिल्या रुग्णाला ते टोचावे लागले आणि बहुतेकांना आजही टोचूनच घ्यावे लागते. सुई टाळण्याच्या शोधात पुण्याचे काम लक्षणीय आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री आणि पूना कॉलेज ऑफ फार्मसीतील वर्षा पोखरकर यांच्या गटांनी सोन्याच्या अब्जांशकणांवर इन्सुलिन चढवून ते मधुमेही उंदरांना नाकावाटे दिले. जेवणानंतरची साखर इंजेक्शनच्या तोडीने उतरली (२००६). पुढे हेच कण त्यांनी कायटोसान वापरून बनवले. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारा हा पदार्थ श्लेष्मल त्वचेला चिकटतो व औषध आत शिरायला मदत करतो. आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटाने झिंक ऑक्साइडच्या कणांचा मधुमेहरोधी परिणाम उंदरांत दाखवला (२०१४).

उंदरापासून माणसापर्यंतची वाट मात्र लांब आहे. सोन्याचे कण यकृतात व प्लीहेत साठू शकतात, आणि मधुमेहाचे औषध तर वर्षानुवर्षे रोज घ्यायचे असते.

यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबसारख्या गावात सुईपेक्षा ऊन मोठी अडचण ठरते. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायची असते. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि वीज गेली की फ्रिज नुसते कपाट होते. मग एकात एक ठेवलेली दोन मडकी व मधली ओली वाळू कामी येते. अब्जांश आवरणातले, उन्हाळा सोसणारे इन्सुलिन निघाले, तर ते बिनसुईच्या इन्सुलिनपेक्षा इथे अधिक मोलाचे ठरेल.

प्रत्यक्ष वापरात पोहोचले आहेत ते चांदीचे कण. मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्यात पऱ्हाटीचे धसकट घुसले तरी कळत नाही; जखम चिघळते. चांदीच्या अब्जांशकणांची मलमे व पट्ट्या अशा जखमांतील जंतूंना आवरतात, पण मेलेली कातडी काढणे आणि पायावरचा भार कमी करणे त्यांनी टळत नाही.