ओली चारी आणि प्रोसेसरची गुपिते

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा ऊस उभा आहे. पाणीपाळी, पाटकरी, चारी हे शब्द तिथल्या लहान मुलांनाही समजावून सांगावे लागत नाहीत. ३ जानेवारी २०१८ रोजी जगजाहीर झालेला संगणक-प्रोसेसरचा दोष याच शब्दांत सांगता येतो.

समजा, पुढची पाळी कोणाची हा निरोप पाटकऱ्याकडे यायला उशीर लागतो. तो स्वस्थ न बसता अंदाजाने एक दार उघडतो. अंदाज खरा ठरला तर वेळ वाचला. चुकला तर दार बंद, वहीत नोंद नाही. कागदोपत्री काही घडलेच नाही. पण चारी ओली राहते!

प्रोसेसरही असेच करतो. मुख्य स्मृतीतून माहिती यायला शंभरेक नॅनोसेकंद लागतात, आणि तेवढ्यात त्याच्या शेकडो आज्ञा उरकू शकतात. म्हणून तो पुढचे काम आधीच करून ठेवतो. आज्ञांचा क्रम सोडून काम करण्याची युक्ती आयबीएमच्या १९६७ च्या एका महासंगणकात होती. १९९५ च्या पेंटियम प्रोमधून ती टेबलावरच्या संगणकात आली. अंदाज चुकल्यास प्रोसेसर उत्तर पुसतो. मात्र कॅश नावाच्या जवळच्या वेगवान स्मृतीत त्या कामाची खूण उरते.

चोर नेमका तिचाच फायदा घेतो. संगणकात प्रत्येक इंग्रजी अक्षर म्हणजे ० ते २५५ मधला एक अंक. चोर २५६ 'चाऱ्या' मांडतो आणि प्रोसेसरला असे फसवतो, की अंदाजाच्या भरात त्याने निषिद्ध अक्षर वाचावे व त्या क्रमांकाची चारी उघडावी. अक्षर ६५ असेल तर पासष्टावी. चूक ध्यानात येताच प्रोसेसर सारे रद्द करतो. मग चोर एकेका चारीला लागणारा वेळ मोजतो. जिथून उत्तर झटकन येते, ते गुपित! 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या दोन्ही दोषांचा गाभा हाच. ते अनेक संशोधकांना स्वतंत्रपणे, जवळजवळ एकाच सुमारास सापडले. त्यांतील पॉल कोचर यांनी केवळ वेळ मोजून गुप्त किल्ली काढता येते, हे १९९६ मध्येच दाखवले होते. इशारा होता, वेगाच्या शर्यतीत तो कोणी फारसा मनावर घेतला नाही.

याआधीचा धक्का फर्मवेअरला बसला होता. फर्मवेअर म्हणजे संगणक सुरू करणारा, चिपमध्येच साठवलेला प्रोग्रॅम. सोयीसाठी ती चिप पुन्हा लिहिता येईल अशी केली गेली. तैवानमधील एका विद्यार्थ्याच्या सीआयएच विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी हीच सोय वापरली. भारतातही अनेक संगणक बंद पडले. जिथे चिप पुसली गेली, तिथे नुसती डिस्क बदलून भागेना.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊस प्रयोगात मातीतील ओलाव्याची व उपग्रहाची माहिती आता मायक्रोसॉफ्टच्या दूरच्या संगणकांवर जाते. अशा ठिकाणी एकाच प्रोसेसरवर अनेक परक्या ग्राहकांची कामे चालू शकतात. म्हणूनच जानेवारी २०१८ मध्ये अशा कंपन्यांना घाईने दुरुस्त्या कराव्या लागल्या. विकलेली चिप बदलता येत नाही. तिच्या अंतर्गत सूचना व कार्यप्रणाली तेवढी सुधारता येते, आणि त्याची किंमत वेगात मोजावी लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये याच कुळातला 'डाउनफॉल' हा दोष उघड झाला. त्याच्या दुरुस्तीने काही प्रकारची कामे ५० टक्क्यांपर्यंत मंदावतील, असे खुद्द इंटेलने सांगितले.