लाठी
लाठी : भरीव बांबूची लांब काठी, आधार, राखण आणि मारहाण या तिन्हींसाठी वापरली जाते. मर्दानी खेळांत लाठीकाठी फिरवणे ही स्वतंत्र कला आहे, तर मेंढपाळाच्या खांद्यावर ती रोजचे साधन म्हणून असते. ‘म्हातारपणाची काठी’ म्हणजे आधार देणारे अपत्य. त्याच काठीला पोलिसांच्या हाती गेल्यावर सत्तेचा अर्थ येतो. पोलिसांकडे बांबूबरोबर आता फायबरच्या व पॉलिकार्बोनेटच्या लाठ्याही असतात. डोके टाळून कमरेखाली मारावे, असा संकेत आहे. गर्दीत तो पाळला जातोच असे नाही. लाहोरला 1928 साली सायमन आयोगाविरुद्धच्या मोर्चात लाला लजपतराय लाठीमारात जखमी झाले व काही दिवसांतच वारले.

जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचे उपोषण चालू असताना 1 सप्टेंबर 2023 रोजी पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. आंदोलक जखमी झाले, तसे पोलीसही. पण लोकांच्या लक्षात राहिली ती लाठीच. तोवर जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसलेले हे गाव राज्यभर पोहोचले आणि ‘लाठीमार’ हा शब्द पुढची कितीतरी भाषणे व्यापून राहिला. तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी या घटनेबद्दल क्षमा मागितली. उपोषण 14 सप्टेंबरला तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते सुटले.