तासावर उभा राहिलेला धंदा: आयटीतल्या 'बेंच'चा इतिहास

आजचा भाग एका शब्दावर आहे. 'बेंच'.

हिंजवडीला जाणाऱ्या बसमध्ये कुणी विचारलं, "काय रे, सध्या कुठल्या प्रोजेक्टवर?" आणि उत्तर "बेंचवर आहे" असं असेल, तर आवाज आपोआप खाली जातो. शाळेत बाकावर उभं राहायची शिक्षा असायची. इथे तर नुसतं बसायचंय, पगारही चालू आहे, तरी पोटात गोळा येतो. का?

माझं उत्तर सरळ आहे. आपल्याकडच्या आयटीने बहुतेक काळ एकच वस्तू विकली: माणसाचा तास. ज्याचा तास विकला जात नाही, तो बेंचवर. आता हे असंच का झालं, ते बघायला पन्नासेक वर्षं मागे जावं लागेल.

मशिन कमी, माणसं हुशार

१९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस सुरू झाली. पुढच्या वर्षी फकीरचंद कोहली तिथे आले. ते मूळचे वीज कंपनीतले इंजिनिअर. तेव्हा संगणक म्हणजे खोलीभर मशिन, आणि ते परदेशातूनच आणायचं. देशात परकीय चलनाची इतकी टंचाई की एक मशिन आणायचं तर सरकारला पटवावं लागे: साहेब, यावर सॉफ्टवेअर बनवून आम्ही डॉलर कमावून देऊ.

म्हणजे बघा, सॉफ्टवेअर निर्यात ही सुरुवातीला कुणाची मोठी महत्त्वाकांक्षा नव्हती. मशिन मिळवण्यासाठी मोजायची ती किंमत होती!

१९७४ मध्ये टीसीएसने अमेरिकेच्या बरोज कंपनीसाठी निर्यातीचं पहिलं काम केलं. रुग्णालयाच्या कामकाजाचा एक प्रोग्रॅम बरोजच्या एका मशिनवरून दुसऱ्या प्रकारच्या मशिनवर न्यायचा होता. भाषा कोबोल. गंमत म्हणजे ते सगळं काम मुंबईत बसून झालं, तेही आयसीएल नावाच्या तिसऱ्याच कंपनीच्या संगणकावर. आज आपण ज्याला 'ऑफशोअर' म्हणतो, ते तेव्हाच करून दाखवलं होतं.

त्याच सुमाराला अमेरिकेत केंब्रिजला नरेंद्र आणि पूनम पटनी या जोडप्याने एक भन्नाट प्रयोग केला. राहत्या घरातली एक खोली 'अमेरिका', दुसरी 'भारत'. दोन खोल्यांमध्ये बोलायचं नाही, फक्त लिहून सूचना द्यायच्या. एवढ्यावर काम नीट होतं का, ते बघायचं. झालं! मग कागदावरची माहिती मशिनला वाचता येईल अशी करून देण्याचं काम त्यांनी पुण्यात सुरू केलं. आज तुम्ही क्लायंटसाठी तिकिटात सगळं सविस्तर लिहून ठेवता ना? त्या सवयीचं मूळ मला या दोन खोल्यांत दिसतं.

माणूसच विमानात

पण मग पुढची कित्येक वर्षं आपली मुलं अमेरिकेला का जात राहिली? कारण मशिनची टंचाई संपली नव्हती. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली. परदेशी कंपन्यांनी इथल्या व्यवसायातला आपला हिस्सा कमी करावा असा कायदा होता, आणि आयबीएमला ते मान्य नव्हतं.

१९८१ मध्ये पटनीतूनच बाहेर पडलेल्या सात जणांनी पुण्यात इन्फोसिस काढली. भांडवल दहा हजार रुपये, आणि स्वतःचा संगणक नाही. संगणक आणायचा तर परवानग्यांसाठी दिल्लीच्या खेपा. मग करणार काय? क्लायंटचं मशिन अमेरिकेत, तर आपला माणूस तिकडे. याला पुढे नाव पडलं 'बॉडी शॉपिंग'. शब्द ऐकायला बरा नाही, पण खरा आहे. बिल लागायचं ते माणसामागे आणि दिवसामागे. 'ऑनसाइट'चं आकर्षण आपल्या घराघरांत आलं ते इथून. १९९० च्या अमेरिकी कायद्याने एच-वन-बी व्हिसा आला आणि या वाटेचा हमरस्ता झाला.

तार जोडली, हिशेब तोच

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूला केंद्र उघडलं आणि उपग्रहामार्फत थेट अमेरिकेशी जोडणी घेतली. पण अशी जोडणी लहान कंपनीच्या आवाक्यातली नव्हती. ती सोय सरकारच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेने केली. पहिली केंद्रं बंगळुरू, पुणे आणि भुवनेश्वरला. डेटा लिंक मिळाली, करात सवलत मिळाली. आता माणसाने जायची गरज उरली नाही, काम इकडे येऊ लागलं. अमेरिकेत रात्र झाली की आपल्याकडे दिवस, म्हणजे त्यांच्या झोपेतही काम चालू.

मग आलं वायटूके. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची पद्धत होती. २००० साल म्हणजे नुसते '००', आणि मशिनला वाटणार १९००. लाखो ओळी तपासायच्या, त्यातही बऱ्याच कोबोलच्या. मोठ्या संख्येने माणसं लागणार होती आणि ती आपल्याकडे होती. त्या निमित्ताने परदेशी बँका आणि विमा कंपन्यांचं दार उघडलं, आणि नंतर वेबसाइट, ॲप, टेस्टिंग, सपोर्ट सगळं त्याच दारातून आलं.

इथे जरा थांबा. मशिन बदललं, तार आली, भाषा कोबोलवरून जावावर आणि जावास्क्रिप्टवर गेली. पण बिलाचा कागद? किती माणसं, किती तास, तासाचा दर काय. बरीच वर्षं गणित हेच राहिलं. कंपनी वाढवायची तर भरती वाढवा. म्हणून तर कॉलेजात एकाच दिवशी शेकडो ऑफर लेटर वाटली जायची, म्हणून टाइमशीट भरायला उशीर झाला की मेलवर मेल येतात, आणि म्हणूनच बेंचची भीती वाटते.

आता अडचण काय आहे

समजा, दहा जणांचं काम आहे आणि कोड लिहिणाऱ्या नव्या एआयमुळे ते पाच जणांत झालं. वस्तू विकणाऱ्या कंपनीला आनंद होईल, कारण खर्च कमी झाला. तास विकणाऱ्या कंपनीचं मात्र बिलच अर्धं झालं! काम लवकर संपवणं हा या धंद्यात तोटा ठरू शकतो.

२०२० मध्ये सगळे लॅपटॉप घेऊन सांगली-नांदेडला घरी बसले, तेव्हा वाटलं सगळं बदलणार. टीसीएसने तर जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच लोक ऑफिसात लागतील. पुढे तिनेच लोकांना परत ऑफिसला बोलावलं. आणि २०२५ मध्ये जवळपास दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करणार असल्याची घोषणा केली. १९६८ पासून उभ्या असलेल्या, 'इथली नोकरी म्हणजे पेन्शन' असा लौकिक असलेल्या कंपनीकडून हे ऐकल्यावर बऱ्याच घरांत जेवणं शांततेत झाली असतील.

मला यात एक गोष्ट खटकते. टंचाई मशिनची होती तेव्हा घर सोडून माणूस गेला. काम इकडे आलं तेव्हा रात्रीचे कॉल माणसाने घेतले. आता तासांची मागणी बदलतेय, तर बेंचवरही माणूसच. धंद्याने दर वेळी मार्ग काढला हे खरंच, आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण त्या मार्गाचा भार कुणाच्या खांद्यावर पडला, हेही इतिहासातच लिहायला हवं.

म्हणून पुढच्या इंटरव्ह्यूला पॅकेजबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: "ही टीम क्लायंटला बिल कसं लावते? तासावर, की झालेल्या कामावर?" आणि दुसरा प्रश्न स्वतःला: माझा तास कुणी विकत घेतला नाही, तर माझ्याकडे देण्यासारखं काय उरतं? एखाद्या धंद्याची खोल माहिती, बँकेची, शेतीची, दवाखान्याची? स्वतः बनवलेली एखादी गोष्ट? कोहली आणि पटनींकडेही सुरुवातीला सगळी साधनं नव्हती. अडचण नेमकी कुठे आहे, हे मात्र त्यांना नीट कळलं होतं.

तुमच्यापैकी कुणी आज बेंचवर बसून हे ऐकत असेल, तर हेडफोन काढून शेजारच्याला एवढं जरूर सांगा: ही शिक्षा नाही, हा पन्नास वर्षं जुना हिशेब आहे. भेटू पुढच्या भागात.