प्लेटमधलं कडं

पीएसबीचं पाकीट आज कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. 250 ग्रॅम पावडर, 10 किलो बियाण्याला चोळायची. आतले जिवाणू जमिनीत अडकलेलं स्फुरद पिकाला मोकळं करून देतात. गोष्ट मात्र सोव्हिएत रशियातली आहे, आणि ती वाटते तितकी सरळ नाही.

1948 साली पिकोव्हस्काया या संशोधक बाईंनी एक माध्यम मांडलं. अगारमध्ये ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिसळलं की प्लेट दुधाळ होते. जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडतात, फॉस्फेट विरघळतं, वसाहतीभोवती पारदर्शक कडं उमटतं. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी चाचणी! ती लोकप्रिय झाली यात नवल नाही.

पन्नासच्या दशकात तिकडे ‘फॉस्फोबॅक्टेरिन’ हे जिवाणू खत लाखो हेक्टरवर गेलं. त्यातला बॅसिलस मुळात सेंद्रिय स्फुरद मोकळं करणारा. उत्पादन वाढल्याचे दावे झाले. मग अमेरिकी कृषी खात्याने ते प्रयोगशाळा, हरितगृह आणि शेत, तिन्हीकडे तपासलं. 1962 च्या अहवालात म्हणावा असा फायदा दिसला नाही.

माझ्या धंद्यात याला ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणतात. प्लेटमध्ये जिवाणूला साखर मुबलक आणि स्पर्धक शून्य. शेतात दोन्ही उलटं. त्यात चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते आम्ल आधी चुनाच संपवतो.

जिवाणू खोटे नाहीत, काही शेतांत फरक पडतोही. माझा आक्षेप मोजपट्टीवर आहे. 2006 साली जैविक खतं आपल्या खत नियंत्रण आदेशात आली. पीएसबीसाठी त्यात एक अट होती: प्लेटवर किमान 5 मिलिमीटरचं कडं.