विद्यार्थी आरोग्यसेवा आणि शुल्क : बर्कली विद्यापीठातील शतकभराचे बदल

अमेरिकेतील विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या शुल्कपत्रकात शिकवणी शुल्क, वसतिगृह आणि भोजन यांच्या जोडीला आरोग्यसेवेची रक्कमही असते. भारतीय कुटुंबांच्या अंदाजपत्रकात ती बहुधा सर्वांत शेवटी लक्षात येते. ही रक्कम नेमकी कशासाठी घेतली जाते, ती टाळता येते काय आणि आजारपणात तिचा उपयोग कितपत होतो, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक विद्यापीठात वेगळी असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलाचा इतिहास मात्र या व्यवस्थेचे स्वरूप समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहे. विद्यार्थ्यांकडून आगाऊ शुल्क घेऊन उपचार देण्याची पद्धत अमेरिकेत सर्वप्रथम रुजली ती येथेच, आणि त्या पद्धतीच्या मर्यादाही येथेच ठळकपणे समोर आल्या.

आगाऊ शुल्काची सुरुवात

अमेरिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या आरोग्याची जबाबदारी संस्थेने स्वीकारण्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रारंभ झाला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲमहर्स्ट महाविद्यालयाने १८६१ मध्ये डॉ. एडवर्ड हिचकॉक यांची आरोग्यशास्त्र व शारीरिक शिक्षण या विषयाचे प्राध्यापक म्हणून नियुक्ती केली. त्या काळी भर होता तो व्यायाम, स्वच्छता आणि नियमित तपासणी यांवर. आजारी विद्यार्थ्यावर उपचार करणे आणि त्याचा खर्च भागविणे ही जबाबदारी कुटुंबाचीच मानली जात असे.

बर्कली येथे १९०६ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकण्यात आले. त्या वर्षी १८ एप्रिल रोजी सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने उद्ध्वस्त झाले. खाडीपलीकडील बर्कलीच्या संकुलात अनेक निर्वासितांना आश्रय देण्यात आला. त्याच वर्षी डॉ. जॉर्ज राइनहार्ट यांच्या पुढाकाराने विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी रुग्णालय सुरू केले. प्रत्येक विद्यार्थ्याने नोंदणीच्या वेळी ठरावीक लहान रक्कम भरावी आणि आजारी पडणाऱ्यावर त्या निधीतून उपचार व्हावेत, अशी ही योजना होती. धडधाकट विद्यार्थ्याचे शुल्क आजारी सहाध्यायाच्या कामी येत असे. आजच्या सर्व योजनांचा पाया हेच तत्त्व आहे.

देणगीतून उभारलेले कॉवेल स्मारक रुग्णालय १९३० मध्ये सुरू झाले आणि संकुलातच खाटांची सोय असलेली सेवा विद्यार्थ्यांना मिळू लागली. या रुग्णालयाचे नाव एका वेगळ्या कारणासाठीही इतिहासात नोंदले गेले आहे. बालपणी झालेल्या पोलिओमुळे मानेखालील शरीर जवळजवळ निकामी झालेले एड रॉबर्ट्स यांना १९६२ मध्ये बर्कलीत प्रवेश मिळाला. श्वासोच्छ्वासासाठी त्यांना लोखंडी फुप्फुस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवजड यंत्राची गरज होती आणि कोणत्याही वसतिगृहात ते ठेवणे शक्य नव्हते. विद्यार्थी आरोग्यसेवेचे तत्कालीन प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन यांनी त्यांच्या निवासाची व्यवस्था कॉवेल रुग्णालयातच केली. पुढे तीव्र अपंगत्व असलेले अन्य विद्यार्थीही तेथे राहू लागले. त्यांच्या चळवळीतून १९७२ मध्ये बर्कलीत स्वतंत्र जीवन केंद्र स्थापन झाले. अमेरिकेतील अपंगांच्या हक्कांच्या लढ्याचा हा एक प्रमुख उगम मानला जातो.

रुग्णालयाकडून बाह्यरुग्ण सेवेकडे

विसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यापीठांनी स्वतःची रुग्णालये चालविणे परवडेनासे झाले. तंत्रज्ञान महागले, दाखल होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण घटले आणि गंभीर उपचारांसाठी शहरातील मोठी रुग्णालये अधिक सोयीची ठरू लागली. १९९३ मध्ये कॉवेल रुग्णालयाची इमारत पाडण्यात आली. त्या जागी आता विद्यापीठाची हास व्यवस्थापन शाळा उभी आहे. विद्यार्थी आरोग्यसेवा त्याच वर्षी टँग केंद्र या नव्या वास्तूत हलविण्यात आली. प्राथमिक तपासणी, तातडीचे उपचार, प्रयोगशाळा, औषधालय, फिजिओथेरपी आणि समुपदेशन या सेवा तेथे मिळतात. रात्रभर दाखल राहण्याची वेळ आल्यास विद्यार्थ्याला बाहेरच्या रुग्णालयात जावे लागते.

या बदलाचा परिणाम केवळ जागेपुरता मर्यादित राहिला नाही. रुग्णालय संकुलात असताना मोठ्या आजाराचा खर्चही काही अंशी विद्यापीठाच्या शुल्कातून भागत असे. ते बंद झाल्यावर हा खर्च बाहेरच्या रुग्णालयाच्या देयकात गेला आणि त्यासाठी विमा अपरिहार्य ठरला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने २००१ च्या शरद सत्रापासून आरोग्यविमा असणे ही पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या नोंदणीची अटच केली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी बर्कलीत हा नियम त्याआधीपासून होता.

आजची रक्कम : तीन भाग

या इतिहासातून आजची रचना घडली आहे. विद्यार्थ्याचा आरोग्यावरील खर्च तीन भागांत विभागलेला असतो.

पहिला भाग सर्वांकडून घेतल्या जाणाऱ्या सेवा शुल्काचा. नोंदणीकृत प्रत्येक विद्यार्थ्याला, त्याच्याकडे कोणताही विमा असला तरी, टँग केंद्रात तपासणीसाठी जाता येते. सुरुवातीच्या ठरावीक समुपदेशन भेटीही विनाशुल्क असतात. या भागातून सूट मिळत नाही.

दुसरा भाग विद्यार्थी आरोग्यविम्याच्या हप्त्याचा. तो शरद आणि वसंत सत्रांच्या शुल्कपत्रकात आपोआप समाविष्ट होतो. विम्याचे संरक्षण मात्र उन्हाळी सुटीतही चालू राहते. ज्याच्याकडे विद्यापीठाच्या निकषांत बसणारा दुसरा विमा आहे, त्याला विहित मुदतीत अर्ज करून सूट घेता येते. अमेरिकेत या सवलतीला ‘वेव्हर’ म्हणतात. मुदत चुकल्यास हप्ता भरावाच लागतो.

तिसरा भाग प्रत्यक्ष उपचाराच्या वेळी खिशातून द्यावयाच्या रकमेचा. विमा लागू होण्यापूर्वी रुग्णाने स्वतः सोसावयाचा वार्षिक खर्च, प्रत्येक भेटीमागे द्यावयाची ठरावीक रक्कम आणि मोठ्या देयकातील टक्केवारीचा वाटा यांचा त्यात समावेश होतो. विद्यापीठाच्या योजनेतील विद्यार्थ्याने तातडीचे प्रसंग वगळता प्रथम संकुलातील केंद्रात जाणे आणि तेथील शिफारस घेऊनच बाहेरच्या तज्ज्ञाकडे जाणे अपेक्षित असते. ही शिफारस न घेतल्यास विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. भारतातील मेडिक्लेममध्ये रुग्ण थेट तज्ज्ञाकडे जातो. त्या सवयीमुळे नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याची फसगत होण्याची शक्यता येथेच सर्वाधिक असते.

स्वस्त हप्ता आणि त्याची किंमत

कॅलिफोर्निया विद्यापीठाची दहा संकुले आहेत. विम्याची खरेदी एकत्रितपणे केल्यास खर्च वाचेल, या विचाराने २०१० मध्ये संयुक्त विद्यार्थी विमा योजना सुरू करण्यात आली. ही योजना स्वनिधीवर आधारित होती. विमा कंपनी दाव्यांची प्रक्रिया पार पाडत असे. परंतु दाव्यांचे पैसे विद्यार्थ्यांच्या हप्त्यांतून जमलेल्या विद्यापीठाच्याच निधीतून दिले जात. नफ्याचा भाग वाचल्याने हप्ता कमी ठेवता येतो, हा या पद्धतीचा लाभ. अंदाज चुकल्यास तूट सोसणारी दुसरी कंपनी नसते, हा तिचा धोका.

हप्त्यांची आकारणी प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने अपुरी ठरली. २०१३ च्या सुमारास योजनेची तूट सुमारे ५ कोटी ७० लाख डॉलरवर जाईल, असा अंदाज पुढे आला. त्याच सुमारास योजनेतील आणखी एक तरतूद वादाचा विषय झाली होती. एका विद्यार्थ्यासाठी संपूर्ण काळात जास्तीत जास्त ४ लाख डॉलरपर्यंतच खर्च देण्याची मर्यादा योजनेत होती. बहुसंख्य विद्यार्थ्यांना या मर्यादेची जाणीवही झाली नसती. कर्करोग, रक्तविकार किंवा मोठा अपघात यांसारख्या प्रसंगी मात्र उपचार अर्धवट असतानाच विम्याचे संरक्षण संपण्याची भीती होती.

‘ओबामाकेअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने विम्यावरील अशा आजीवन मर्यादांवर बंदी घातली होती. विमा कंपन्यांकडून विकत घेतलेल्या विद्यार्थी योजनांनाही ती बंदी लागू झाली. परंतु स्वनिधीवरील विद्यार्थी योजना कायद्याच्या व्याख्येनुसार ‘विमा’ ठरत नसल्याने त्या या तरतुदीबाहेर राहिल्या. परिणामी, लहान महाविद्यालयाने कंपनीकडून घेतलेल्या योजनेत असलेले संरक्षण देशातील अग्रगण्य सार्वजनिक विद्यापीठाच्या योजनेत नव्हते. विद्यार्थी संघटनांनी या विसंगतीकडे लक्ष वेधले. अखेर विद्यापीठाने २०१३-१४ या शैक्षणिक वर्षापासून मर्यादा रद्द करण्याचा निर्णय घेतला. बर्कलीने त्याच वर्षी संयुक्त योजनेतून बाहेर पडून स्वतःची स्वतंत्र योजना सुरू केली.

शुल्काची चर्चा बहुधा हप्त्याच्या आकड्याभोवती फिरते. या घटनाक्रमाने त्या आकड्यामागील हिशेब उघड केला. हप्ता कमी आणि मर्यादा कडक असेल, तर सर्वांची बचत होते आणि तिची किंमत सर्वांत आजारी असलेले मोजके विद्यार्थी मोजतात. मर्यादा काढली, तर ती किंमत सर्वांत विभागली जाते आणि प्रत्येकाचा हप्ता वाढू शकतो. आजारपणाची जोखीम कोणी उचलावी, याचा निर्णय दोन्ही पर्यायांत शुल्काच्या आकड्यातूनच होत असतो.

कायदा आणि सेवांचा विस्तार

२०१० च्या कायद्याने विद्यार्थ्यांपुढील पर्यायही बदलले. वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत पालकांच्या विम्यात राहण्याची मुभा मिळाली. २०१४ पासून कॅलिफोर्नियातील अल्प उत्पन्न गटासाठीच्या ‘मेडी-कॅल’ या सरकारी योजनेची व्याप्ती वाढली आणि अनेक स्थानिक विद्यार्थी तिच्या कक्षेत आले. याचा दुसरा परिणाम असा की, सूट घेणाऱ्यांची संख्या वाढल्यास विद्यापीठाच्या योजनेतील सभासद घटतात. बाहेर पडणारे तरुण आणि निरोगी असतील, तर उरलेल्यांचा सरासरी खर्च वाढतो. हप्ता ठरविताना याचा विचार दरवर्षी करावा लागतो.

सेवांमध्ये सर्वाधिक मागणी वाढली ती मानसिक आरोग्याची. समुपदेशकांची संख्या वाढविण्यासाठी कायमस्वरूपी निधी लागतो आणि तो विम्यातून पूर्णपणे मिळत नाही. त्यामुळे कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१५-१६ पासून विद्यार्थी सेवा शुल्कातील वाढीचा एक भाग मानसिक आरोग्य सेवांसाठी राखण्याचे धोरण स्वीकारले. एखाद्या संकुलापुरते नवे शुल्क लावावयाचे असेल, तर ते सर्वसाधारणपणे विद्यार्थ्यांच्या सार्वमतापुढे ठेवले जाते आणि त्यातील काही हिस्सा गरजू विद्यार्थ्यांच्या अर्थसाहाय्यासाठी राखून ठेवावा लागतो. शुल्कवाढीला विद्यार्थ्यांनीच मतदानाने संमती देण्याची ही प्रथा भारतीय विद्यापीठांत अपरिचित आहे.

राज्याच्या कायद्यानेही सेवांची यादी बदलते. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०१९ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक विद्यापीठांच्या आरोग्यकेंद्रांत औषधांद्वारे गर्भपाताची सेवा उपलब्ध करून देणे बंधनकारक झाले.

भारतीय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने

परदेशी विद्यार्थ्यांची स्थिती स्थानिकांपेक्षा वेगळी असते. ज्यांचे पालक भारतात आहेत, त्यांना पालकांच्या अमेरिकी विम्याचा पर्याय सहसा नसतो आणि ‘मेडी-कॅल’चे संपूर्ण लाभही साधारणतः मिळत नाहीत. बहुसंख्य भारतीय विद्यार्थी ‘एफ-१’ व्हिसावर जातात. या व्हिसासाठी केंद्रीय कायद्याने आरोग्यविम्याची अट घातलेली नाही. ती अट विद्यापीठे घालतात. ‘जे-१’ व्हिसावर जाणाऱ्यांसाठी मात्र केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक आजार वा अपघातासाठी किमान १ लाख डॉलरचे संरक्षण, वैद्यकीय कारणास्तव मायदेशी हलविण्यासाठी ५० हजार डॉलर आणि मृत्यू झाल्यास पार्थिव पाठविण्यासाठी २५ हजार डॉलरची तरतूद असलेला विमा आवश्यक आहे. विमा लागू होण्यापूर्वी स्वतः सोसावयाचा खर्च प्रत्येक आजारामागे ५०० डॉलरपेक्षा अधिक असता कामा नये, असेही हे नियम सांगतात.

भारतात मिळणाऱ्या प्रवासी वैद्यकीय विम्याचा हप्ता तुलनेने कमी असतो. म्हणून अनेक कुटुंबे तो घेऊन विद्यापीठाच्या योजनेतून सूट मिळविण्याचा प्रयत्न करतात. अशा पॉलिसींमध्ये आधीपासूनचे आजार, मानसिक उपचार किंवा प्रसूती यांचा समावेश अनेकदा नसतो आणि एकूण रकमेवर मर्यादा असते. त्यामुळे विद्यापीठाच्या निकषांत त्या बसत नाहीत आणि अर्ज फेटाळला जाऊन दोन्ही हप्ते भरण्याची वेळ येऊ शकते. प्रवासाला निघाल्यापासून विद्यापीठाचा विमा लागू होईपर्यंतच्या काळासाठी मात्र प्रवासी विम्याचा उपयोग होतो.

संशोधन किंवा अध्यापन साहाय्यक म्हणून नियुक्ती मिळालेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वेगळा लाभ आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात ठरावीक किमान कालांशाच्या नियुक्तीवर असलेल्यांचा विमा हप्ता विद्यापीठ भरते. सोबत जाणाऱ्या पती, पत्नी किंवा अपत्यांचा विमा मात्र आपोआप होत नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

हप्त्याची रक्कम, निकष आणि सूट मागण्याची मुदत यांत दरवर्षी बदल होतात. प्रवेशपत्र हाती आल्यानंतर त्या शैक्षणिक वर्षाची योजनापुस्तिका वाचताना केवळ हप्ता न पाहता तीन बाबी तपासणे इष्ट ठरते : वर्षभरात स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त किती रक्कम द्यावी लागेल, विम्याच्या एकूण संरक्षणावर काही मर्यादा आहे काय आणि बाहेरच्या डॉक्टरकडे जाण्यापूर्वी कोणाची शिफारस घ्यावी लागते. गंभीर आजारपणात कुटुंबावर किती भार पडेल, हे या तीन उत्तरांवरच ठरते.