पिंपाच्या फळ्या

लाकडी पिंपाची भिंत ज्या अरुंद, उभ्या फळ्यांनी बनते त्या फळ्या. प्रत्येक फळी मध्यभागी रुंद व टोकांकडे निमुळती असून तिच्या कडा तिरप्या तासलेल्या असतात. अशा फळ्या वर्तुळाकार उभ्या करून उष्णतेने वाकवितात व बाहेरून कडी ठोकून आवळतात. खिळा किंवा सरस लागत नाही. आत द्रव भरला की लाकूड फुगते व सांधे बंद होतात. आल्प्स परिसरातील लोक कड्यांनी बांधलेल्या लाकडी पात्रांत मद्य साठवीत, असा उल्लेख रोमन लेखक थोरला प्लिनी (२३–७९) याने केला आहे. मराठीतील ‘पीप’ हा शब्द पोर्तुगीज ‘पिपा’ या शब्दावरून आला.

द्रव साठविण्यास पांढऱ्या ओकचे लाकूड विशेष उपयुक्त ठरते, कारण त्याच्या गाभ्यातील वाहिन्या बुजलेल्या असल्याने द्रव झिरपत नाही. फळ्या उघड्यावर रचून पुष्कळदा दोन-तीन वर्षे सुकवितात. हा विलंब सहज टाळता येत नाही. १५८७ साली त्याला लष्करी महत्त्व आले. स्पेनचा राजा दुसरा फिलिप इंग्लंडवरील स्वारीसाठी आरमार जमवीत असता फ्रान्सिस ड्रेक याने काडिझ बंदरावर हल्ला केला व नंतर सेंट व्हिन्सेंट भूशिराजवळील समुद्रात फळ्या व कडी वाहून नेणारी जहाजे पकडून तो माल जाळला. त्याचे वजन ड्रेकने स्वतः १,६०० ते १,७०० टन सांगितले. त्या काळी जहाजावरील पाणी, बिस्किटे, खारविलेले मांस व मासळी पिंपांतच ठेवीत. मे १५८८ मध्ये लिस्बनहून निघालेल्या आरमारातील अन्न काही आठवड्यांतच नासले, पाणी खराब झाले आणि जूनमध्ये त्याला कोरुन्ना येथे थांबावे लागले. कच्च्या लाकडाची पिंपे हे त्याचे एक कारण मानतात. मात्र सर्व दोष ड्रेकने लावलेल्या आगीवर टाकणे अतिशयोक्त होय. सेनापती सांता क्रूझ फेब्रुवारीत मरण पावला, प्रयाण लांबले आणि भरलेला साठा तसाच पडून राहिला होता. शिवाय आरमाराचा पराभव घडला तो इंग्रजी तोफा, आगीची जहाजे व वादळे यांमुळे.

बांधकामातही हीच रचना वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पश्चिम भागात फळ्या व लोखंडी कडी यांचे मोठ्या व्यासाचे जलवाहक नळ घातले गेले. न्यूयॉर्कमधील उंच इमारतींच्या छपरांवर अशा लाकडी टाक्या आजही उभारल्या जातात.